टोमॅटोची बगलफूट : एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

लखनौच्या महानगर भागात आम्ही भाड्याने राहतो त्या घरापुढे चार हात रुंदीचे एक अंगण आहे. कचेरीची वेळ होण्यापूर्वीचा अर्धा तास आम्ही तेथे काढतो. कार्तिकात लावलेली टोमॅटोची रोपे पौषात गुडघ्याला लागतात, आणि मग दर दोनतीन दिवसांनी एक लहानसा प्रश्न पुढे उभा राहतो. पानाचा देठ जेथे खोडाला मिळतो तेथल्या बेचक्यातून एक कोवळा कोंब डोके वर काढतो. तो खुडावा की राखावा? अंगठा आणि तर्जनी एकत्र आणली की क्षणात आटोपणारे हे काम आहे. परंतु एकदा खुडलेला कोंब पुन्हा जोडता येत नाही, आणि राखलेला कोंब पंधरा दिवसांत एवढा माजतो की मग त्याला हात लावण्याचा धीर होत नाही.

आमच्या नाशिककडे या कोंबाला बगलफूट म्हणतात. शब्द मूळचा द्राक्षबागेतला. तेथून तो टोमॅटोच्या शेतात सहज आला. दिंडोरी तालुक्यात आमचे वडील बंधू शेती पाहतात. त्यांचा निर्णय ठाम : "अरे, बगलफूट ठेवू नकोस. ती खाते जास्त आणि देते कमी." आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणारा माळीही त्याच मताचा. डिसेंबरात भरणाऱ्या शेवंतीच्या प्रदर्शनासाठी त्याने कित्येक बंगल्यांतल्या कुंड्या तयार केलेल्या. शेवंतीला येथे गुलदाऊदी म्हणतात. तिच्या बाजूच्या सगळ्या कळ्या खुडून शेंड्याला एकच थाळीएवढे फूल आणावयाचे, ही त्याची विद्या. शेजारचे वयोवृद्ध वकीलसाहेब मात्र कुंपणापलीकडून म्हणत, "जनाब, रहने दीजिए. बेचारे को छाँव की भी ज़रूरत है."

आम्ही पहिल्या वर्षी बहुमत मानले. बाराही रोपांच्या बगलफुटी नेमाने खुडल्या, आणि फसलो. कसे फसलो ते पुढे येईलच; परंतु त्या फसगतीमुळे हा नियम मुळात आला कोठून, हे शोधण्याचा नाद लागला. त्यातून जे हाती आले ते आमच्यासारख्याच परमुलखी नोकरी करणाऱ्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. अंगण नसले तरी सज्जात दोन कुंड्या ठेवणारी मंडळी आपल्यात थोडी नाहीत.

टोमॅटोचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूस, पेरू व इक्वेडोर या देशांकडे. तेथे त्याचे रानटी भाऊबंद आजही खडकाळ उतारांवर पसरलेले आढळतात. मोठ्या फळाचा, लागवडीचा टोमॅटो मेक्सिकोत आकाराला आला, आणि तेथील नाहुआ लोकांच्या ‘तोमात्ल’ या शब्दावरून जगातली बहुतेक नावे निघाली. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी त्यांची राजधानी घेतल्यावर हे फळ युरोपात पोहोचले. १५४४ मध्ये इटलीतील वैद्य मात्तिओली याने त्याची नोंद केली ती ‘वांग्याचीच एक नवी जात’ म्हणून. दहा वर्षांनी त्याने त्याला ‘सोन्याचे सफरचंद’ असे नाव दिले. पुढे १७५३ मध्ये लिनियसने त्याला वांगे आणि बटाटा यांच्याच गणात बसविले. नंतरच्या शास्त्रज्ञांनी त्याचे वेगळे घर मांडले. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांचा पुरावा पाहून त्याला पुन्हा वांग्याच्या पंक्तीस आणून बसविले.

मात्तिओलीला जे सुचले तेच आपल्याकडच्या लोकांनाही स्वतंत्रपणे सुचले. पोर्तुगीजांच्या गलबतांतून हे फळ हिंदुस्थानात आले, असे सामान्यतः मानतात. उत्तरेत त्याचे नाव पडले विलायती बैंगन. मराठीत त्याला वेलवांगे म्हटले गेले. वऱ्हाड-नागपूरकडे भेदरे आणि खेड्यापाड्यांत तांबाटे अशीही नावे चालतात. परंतु आमच्या प्रश्नापुरते महत्त्वाचे नाव वेलवांगे हेच. ज्या कोणी ते प्रथम उच्चारले त्याने हे झाड काठीला बांधलेले, एका खोडाचे पाहिले नसावे. त्याने जमिनीवर चौफेर पसरलेला वेलच पाहिला असावा. नावातच झाडाचा मूळ स्वभाव नोंदला गेला आहे.

स्वयंपाकघरात मात्र त्याला फार सावकाश प्रवेश मिळाला. १८८९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या जॉर्ज वॉट यांच्या हिंदुस्थानातील उत्पादनांच्या कोशात, टोमॅटो मुख्यतः युरोपीय लोकांसाठी पिकवितात, देशी लोकांना त्याची गोडी नुकतीच लागत आहे आणि बंगाली व ब्रह्मी लोक तो आंबट कालवणात घालतात, अशा अर्थाची नोंद आहे. लखनौचा जुन्या धाटणीचा कोरमा आजही दही आणि तळलेला कांदा यांवरच उभा असतो. त्यात टोमॅटोला स्थान नाही. आपल्याकडेही आमटीला आंबटपणा द्यावयाचा तो चिंचेने किंवा आमसुलाने. लाल रसरशीत गर पाहून कित्येक सोवळ्या घरांनी हे फळ दूर ठेवले होते, आणि श्राद्धाच्या पानावर ते अजूनही अनेकांना चालत नाही. सारांश, ज्या भाजीला घरात येऊन फार काळ झालेला नाही, तिच्या छाटणीविषयी आपल्याजवळ आजी-आजोबांची म्हण असणार कोठून? ‘बगलफूट काढावी’ हे वचन आपल्याला परंपरेसारखे वाटते. परंतु ती आपली परंपरा नव्हे.

ती आली काचेच्या घरांतून. इंग्लंडात काचेवर जबर कर होता. तो १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या उत्तरेस ली नदीच्या खोऱ्यात, दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंग येथे आणि फ्रान्सनजीकच्या गर्न्सी बेटावर काचगृहांच्या रांगा उभ्या राहिल्या. गर्न्सीची कथा आम्हां नाशिककरांना विशेष जवळची वाटावी. तेथील काचगृहे प्रथम द्राक्षांसाठी बांधलेली होती; पुढे त्याच छपरांखाली टोमॅटो आला आणि त्याने द्राक्षांना मागे सारले. द्राक्षवेलीवर कात्री चालविण्यात आयुष्य गेलेल्या हातांत हे नवे झाड पडले, तेव्हा त्याचीही छाटणी होणे ओघानेच आले.

त्या देशात ते योग्यही होते. ऊन कोवळे, उन्हाळा तोकडा, घर उबदार ठेवावयाचे तर कोळसा जाळावा लागे. एकेक चौरस फूट जागेचा हिशेब असे. झाड एका खोडावर सुतळीने सरळ वर चढविले, बगलफुटी काढल्या, तर तेवढ्याच जागेत अधिक झाडे बसत. प्रत्येक झाडाला फळे कमी येत, पण ती मोठी येत आणि लवकर पिकत. आणि बाजारात पहिल्या फळालाच भाव. शिवाय बंद, दमट हवेत पाने दाटली की बुरशी धरते. विरळणी केली की वारा खेळतो. जागा, वेळ आणि वारा या तीन अडचणींवरचा तो तोडगा होता. पुढे अडचणी मागे राहिल्या आणि तोडगा तेवढा नियम होऊन जगभर फिरला.

हिंदुस्थानात तो साहेबांच्या बंगल्यांतून शिरला असे दिसते. बंगाल व उत्तर हिंदुस्थानातील बागकामावर फर्मिंजर नावाच्या पाद्र्याने १८६० नंतरच्या दशकात ग्रंथ लिहिला. पुण्याला गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाचे वुडरो यांनी हिंदी बागकामावर पुस्तक केले. असे ग्रंथ छावण्या-छावण्यांतून वाचले जात. साहेब पुस्तक वाची, माळी हाताने शिके, आणि माळ्याचा मुलगा ते पुस्तकावाचून शिके. तीन पिढ्यांनंतर आमच्या माळ्याला जर विचारले की बगलफूट का काढावयाची, तर तो म्हणतो, "ऐसे ही होता है, बाबूजी." आम्हां कचेरीत काम करणाऱ्यांना हे उत्तर नवे नाही. कितीतरी फायलींवर मूळ आदेशाचे कारण केव्हाच संपलेले असते. शेरा मात्र चालू राहतो.

तथापि, नियमाचा उगम परका म्हणून तो खोटा, असेही म्हणता येत नाही. नाशिक जिल्ह्यात टोमॅटो बांबू आणि तार यांवर चढविला जातो; पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जो माल येतो तो बहुतांशी अशाच शेतांतला. पावसाळी हंगामात फळ जमिनीला टेकले की सडते, म्हणून झाड उभे ठेवावे लागते, आणि उभे ठेवावयाचे तर खालचे फुटवे काढावे लागतात. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या द्राक्षाला देणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे ओझे वाटत नाही. दादांचे म्हणणे त्यांच्या जमिनीत खरेच होते. चूक आमची होती. आम्ही ते जसेच्या तसे गोमतीच्या काठी आणले.

आता फसगतीची हकीगत. पहिल्या वर्षीची रोपे आम्ही रस्त्यावरच्या एका हातगाडीवरून घेतली. विकणाऱ्याने जात सांगितली ती ‘देसी’ एवढीच. बारांपैकी आठ झाडे काठीवर वाढत गेली. चार मात्र कमरेइतकी होऊन थांबली. प्रत्येकीवर दोनतीन घोस आले आणि पुढे काहीच नाही. पाणी घातले, खत घातले, व्यर्थ. ज्या फुटव्यांवर त्या झाडांची उरलेली फळे यावयाची, ते सगळे आम्हीच खुडून टाकले होते.

या चार झाडांच्या कुळाचा इतिहास १९१४ सालापर्यंत मागे जातो. त्या वर्षी अमेरिकेतील फ्लॉरिडात टोमॅटोचे एक निराळेच झाड आपोआप उत्पन्न झालेले आढळले. साध्या टोमॅटोत एक घोस, मग तीन पाने, पुन्हा घोस, अशी वाढ झाड जगेपर्यंत चालते. या झाडात दोन घोसांमधली पाने कमी कमी होत जाऊन शेवटी शेंडा फुलोऱ्यातच संपत असे. जणू झाड स्वतःच स्वतःची छाटणी करी. म्हणून या गुणाचे नावच ‘स्वयंछाटणी’ असे पडले. १९२७ मध्ये यीगर या शास्त्रज्ञाने त्याच्या आनुवंशिकतेचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९९८ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी त्याला कारण असणारा जनुक शोधून काढला. मधल्या काळात या एका गुणाने शेतीचा कायापालट केला. झाड बुटके, फळे बहुतेक एकाच वेळी पिकणारी. त्यामुळे १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात यंत्राने टोमॅटो तोडणे शक्य झाले.

आपल्या देशातही दोन्ही कुळे नांदतात. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने अमेरिकी ‘सिऑक्स’ आणि आपली ‘सुधारित मेरठी’ यांच्या संकरातून ‘पुसा रुबी’ काढली. ती लांब वाढणारी. त्याच मेरठीचा ‘रेड क्लाउड’शी संकर करून ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ काढली, ती बुटकी. एकाच आईच्या दोन लेकी, पण एकीला जे मानवते ते दुसरीला मारक. बुटक्या जातीची बगलफूट काढणे म्हणजे छाटणीवर पुन्हा छाटणी. तेव्हा खुडावे की राखावे, हे विचारण्यापूर्वी आपल्या अंगणात कोणते कूळ आहे ते विचारले पाहिजे. बियांच्या पाकिटावर ते लिहिलेले असते, हातगाडीवर नसते.

उरलेल्या आठ झाडांचे काय झाले? ती एका खोडाची, उंच, पाहणाऱ्याने वाखाणावी अशी झाली. माघात त्यांना मोठी, गोल फळे धरली. परंतु येथला हिवाळा जसा कडक तसा त्याचा शेवटही अकस्मात. होळी होते न होते तो ऊन चढू लागते, आणि चैत्रात पश्चिमेचा कोरडा वारा सुटतो. पानांचा आडोसा नसलेल्या फळांच्या उन्हाकडच्या बाजू पांढुरक्या पडल्या, कागदासारख्या झाल्या, आणि मग सडल्या. वकीलसाहेब कुंपणापाशी आले, त्यांनी पाहिले आणि ते काही बोलले नाहीत. त्यांच्या या सौजन्याने आम्ही अधिकच शरमलो.

दुसऱ्या वर्षी आम्ही जात विचारून, लांब वाढणारीच रोपे लावली. सहांची बगलफूट काढली, सहांची राखली. काढलेल्यांना फळ दहाबारा दिवस आधी आले आणि ते हाताला भरीव लागे. राखलेल्यांची फळे लहान, पण संख्येने पुष्कळ. झाडे एकमेकांत गुंतली, खालच्या पानांवर करपा आला, परंतु चैत्राच्या उन्हात त्यांच्याच पानांखाली फळे सुरक्षित राहिली. म्हणजे माळी अर्धा खरा होता आणि वकीलसाहेबही अर्धे खरे होते. फरक महिन्याचा होता. तिसऱ्या वर्षापासून आम्ही मध्यम मार्ग धरला आहे. लांब वाढणाऱ्या झाडाच्या पहिल्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट राखावयाची, म्हणजे झाड दोन खोडांवर चालते. तिच्याखालच्या व इतर सर्व बोटाच्या दोन पेरांएवढ्या होताच काढावयाच्या. आणि माघ संपला की हात आवरावयाचा, पुढची सारी पाने उन्हासाठी सोडावयाची. बुटक्या झाडाला हात लावावयाचा नाही.

आणखी एक सूचना, तीही इतिहासातलीच. तंबाखू आणि टोमॅटो हे एकाच कुळातले. तंबाखूच्या पानांवर ठिपके आणणाऱ्या रोगाचा अभ्यास करताना १८९२ मध्ये इवानोव्स्की आणि १८९८ मध्ये बायरिंक यांना विषाणू या वस्तूचा प्रथम सुगावा लागला. तो विषाणू सुकलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि बोटांवरून टोमॅटोच्या ताज्या जखमेत शिरतो. लखनौचे पान आणि कचेरीतली तळहातावर मळलेली चिमूट ज्यांना सुटत नाही, त्यांनी खुडण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. काम कोरड्या सकाळी, बोटांनीच करावे.

या सर्व शोधात एक गोष्ट आम्हांला अगदी शेवटी कळली, आणि ती आमच्या मनात घर करून राहिली आहे. वनस्पतिशास्त्र असे सांगते की टोमॅटोचे मूळ खोड आठ ते बारा पाने आल्यावर पहिल्या घोसात संपते. तेथे त्याची वाढ खुंटते. त्यानंतर सर्वांत वरच्या पानाच्या बगलेतला कोंब जोर धरतो, घोसाला बाजूला सारून स्वतः सरळ होतो, तीन पाने देतो आणि दुसऱ्या घोसात संपतो. मग त्याच्या बगलेतला पुढचा. ज्याला आपण मुख्य खोड म्हणून काठीला बांधतो, तो वस्तुतः एकामागून एक आलेल्या बगलफुटींचाच वंश असतो. फक्त प्रत्येकीने आधीचीची जागा इतक्या बेमालूमपणे घेतलेली असते की पाहणाऱ्याला सांधा दिसत नाही.

हे आम्हांला का लागले, ते सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गावी जमिनीचे बोलणे निघाले होते. हक्कसोडपत्राचा मसुदा दादांनी पुढे केला आणि हसत म्हणाले, "तू काय, आमची बगलफूटच की रे!" त्यांच्या मनात विष नव्हते. चाळीस उन्हाळे त्यांनी त्या मातीत काढले आहेत, आणि आमचे शिक्षण त्याच मातीतून निघाले आहे. खाल्ले जास्त आणि दिले कमी, हा हिशेब खोटा नाही. परमुलखी असणाऱ्या बहुतेकांनी हे वाक्य या ना त्या रूपाने ऐकले असेल. तो मसुदा आम्ही सही न करता घेऊन आलो.

गेल्या माघात प्रयागचे स्नान करून दादा प्रथमच लखनौस आले आणि दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोन खोडांची झाडे त्यांनी खालीवर न्याहाळली. आम्ही त्यांना घोस, तीन पाने आणि पुन्हा घोस असा खोडाचा सांधा न् सांधा दाखविला. ज्याने जन्मभर ही झाडे हाताळली त्याला ते पुस्तकातून शिकविणे हे धाडसच, पण त्यांनी बोट लावून प्रत्येक सांधा तपासला आणि म्हणाले, "खरंय. हे कधी असं पाहिलं नव्हतं." मग आम्ही नुकतीच खुडलेली एक बगलफूट त्यांनी उचलली, खालची पाने काढली आणि डालड्याच्या जुन्या डब्यातल्या ओल्या मातीत खोचली. "फेकतोस कशाला? ही लागते," ते म्हणाले. टोमॅटोच्या कोंबाला आठपंधरा दिवसांत मुळ्या फुटतात, हे आम्हांला ठाऊक नव्हते, त्यांना होते. जमिनीचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. मसुदा अजून खणात आहे.

खुडलेला कोंब दुसऱ्या मातीत धरतो, याची साक्ष या शहरात आम्हां मराठी मंडळींना दूर शोधावी लागत नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या पंडित भातखंड्यांनी येथील रसिकांच्या साहाय्याने संगीताचे महाविद्यालय उघडले. १९२८ पासून श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते सांभाळले. आज ते विश्वविद्यालय आहे आणि भातखंड्यांच्याच नावाने ओळखले जाते. अर्थात सर्वांच्याच हातून असे काही होत नाही. आमच्यासारख्यांच्या हातून फार तर एक डबा हिरवा होतो.

दादांनी खोचलेल्या त्या फुटीला चैत्रात चार फळे आली. उन्हाने दोन गेली. उरलेल्या दोहोंचे सार केले.